एक अख्खा गोल्फ सीझन, बाबांच्या वहीतून

सोमवारी दुपारी ऑफिसात जेवताना सगळे गोल्फवर बोलायचे आणि मी मुकाट्यानं डब्यातली पोळी-भाजी संपवायचे. अमक्याचा कट हुकला, तमक्याचं कार्ड गेलं. कट म्हणजे काय आणि कार्ड कोण काढून घेतं, हे विचारायची लाज वाटायची. ॲटलांटात नऊ वर्षं काढल्यावर तर जास्तच. म्हणून ठरवलं की २०२४ चा पुरुषांचा पीजीए टूर सीझन, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक गोल्फची वर्षभराची मालिका, पहिल्या स्पर्धेपासून शेवटच्या स्पर्धेपर्यंत बघायचा. २४ नोव्हेंबरला तो संपला. कुणाला हे सुरू करायचं असेल आणि कुठून हात घालावा कळत नसेल, तर उपयोग होईल म्हणून लिहिते. मला स्वतःला गोल्फ खेळता येत नाही, आजही.

खरी सुरुवात जून २०२२ मध्ये झाली, आणि तीही चुकीची. ऑगस्टा नॅशनल हा गोल्फ क्लब आमच्यापासून गाडीनं अडीच तासांवर. तिथे दर एप्रिलमध्ये मास्टर्स होते, गोल्फच्या चार सगळ्यांत मोठ्या स्पर्धांतली एक. तिकिटं खिडकीवर मिळत नाहीत. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये मास्टर्सच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, मग सोडत निघते. मी भरला आणि नवऱ्यानंही भरला, म्हणजे संधी दुप्पट. नियम नंतर वाचला: एका पत्त्यावरून एकच अर्ज. अर्थात दोघांनाही दिलगिरीची ईमेल.

जून २०२३ मध्ये शहाणपणानं एकच अर्ज भरला. स्पर्धेच्या चार दिवसांऐवजी सरावाचा सोमवार मागितला, दोन तिकिटं. अर्जाला पैसे पडत नाहीत, नंबर लागला तरच भरायचे. जुलैत ईमेल आली आणि मी ती तीनदा वाचली. सोमवार, ८ एप्रिल २०२४, तिकीट १०० डॉलर. स्पर्धेच्या दिवसाचं १४० होतं. बाहेर हीच तिकिटं कितीतरी पटींनी विकली जातात, पण त्या वाटेला जाऊ नका. विकलेलं तिकीट पकडलं गेलं तर दारातून परत पाठवतात.

दुसरं तिकीट बाबांचं. ते २ जानेवारीला सहा महिन्यांसाठी यायचे होते. इथे एक सूचना, गोल्फशी संबंध नसला तरी: आई-वडील आले की त्यांचा आय-९४, म्हणजे अमेरिकेत शिरल्याची सरकारी नोंद, लगेच उतरवून घ्या. किती दिवस राहता येतं ते व्हिसाच्या तारखेवर नसतं, आय-९४ वर असतं. बाबांचा १ जुलैपर्यंत होता. म्हणजे चारांतल्या तीन मोठ्या स्पर्धा त्यांच्या वाट्याला येणार होत्या.

बाबांनी नोकरी एसटीत केली, पण चाळीस वर्षं रविवारी तालुक्याच्या क्रिकेट सामन्यांची स्कोअरबुकं लिहिली. गोल्फ त्यांनी कधी बघितलं नव्हतं. पहिली स्पर्धा, हवाईतली द सेंट्री, ४ ते ७ जानेवारीला होती. जेटलॅगमुळे बाबा संध्याकाळी सहाला आडवे व्हायचे आणि पहाटे तीनला टक्क जागे. मग आम्ही चहा करून रेकॉर्डिंग बघायचो.

"कमी मारणारा जिंकतो?"

"हो बाबा."

"मग हे चाललंय ते उलटं क्रिकेट."

ख्रिस कर्क २९ अंडर पारनं, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा २९ कमी मारून, जिंकला, साहिथ थीगाला एका फटक्यानं मागे राहिला. बाबांनी माझ्याकडून एक दोनशे पानी वही आणि लाल पेन मागून घेतलं. थीगालाचे आई-वडील हैदराबादहून आलेले, हे कळल्यावर त्याच्या नावापुढे चांदणी काढली.

आता खर्चाचं. गुरुवार-शुक्रवारी सकाळपासूनचा खेळ तेव्हा ईएसपीएन प्लस ह्या ॲपवर असायचा, महिना १०.९९ डॉलर. पीकॉक हे दुसरं ॲप ५.९९, उन्हाळ्यात ७.९९ झालं. मी दोन्ही वर्षभर ठेवली आणि दोनशेच्या आसपास पैसे गेले. तेवढी गरज नव्हती. शनिवार-रविवारचा शेवटचा भाग बहुतेक वेळा सीबीएस किंवा एनबीसीवर असतो आणि छपरावरच्या ॲंटेनावर फुकट दिसतो. मास्टर्स तर त्यांच्या स्वतःच्या ॲपवर फुकट.

दुसऱ्या आठवड्यात, होनोलुलूच्या सोनी ओपनमध्ये, कट कळला. स्पर्धा चार दिवसांची, गुरुवार ते रविवार, रोज १८ होल, म्हणजे चेंडू भोकात घालायचे अठरा टप्पे. शुक्रवारी ३६ होल झाले की पहिले ६५ आणि त्यांच्याशी बरोबरीत असलेले पुढे जातात. बाकीचे सामान बांधतात आणि त्या आठवड्याची कमाई शून्य. विमान, हॉटेल, बॅग उचलणाऱ्या कॅडीचा पगार सगळं खिशातून. हे ऐकल्यावर बाबा विजेत्यांकडे बघेनासेच झाले. त्यांनी वहीत दर शुक्रवारी एक लाल रेघ मारायला सुरुवात केली. रेघेवरचं शेवटचं नाव लिहायचं आणि रेघेखालचं पहिलं. "बाराव्या खेळाडूचं नाव कुणी लिहीत नाही," म्हणाले, "मी लिहायचो."

नवख्याला मी हेच सांगेन. रविवारी संध्याकाळी पहिल्या क्रमांकासाठी दोघा-तिघांत चुरस असते. शुक्रवारी संध्याकाळी रेघेवर वीसेक जण लटकलेले असतात, आणि ते दाखवायला कॅमेरा क्वचितच जातो. त्यासाठी टूरच्या ॲपवर लीडरबोर्ड उघडा आणि खाली सरकवत जा. 'प्रोजेक्टेड कट' अशी ओळ दिसते आणि ती संध्याकाळभर वरखाली होते.

२१ जानेवारीला निक डनलॅप अमेरिकन एक्सप्रेस जिंकला. विशीतला कॉलेजचा पोरगा, हौशी. १९९१ मधल्या फिल मिकलसननंतर टूरवर जिंकलेला पहिलाच हौशी. हौशी असल्यामुळे १५ लाख १२ हजार डॉलर त्याला घेता आले नाहीत, ते दुसऱ्या आलेल्या क्रिस्टियान बेझाउडनहाउटला गेले. बाबा दोन दिवस अस्वस्थ होते. "अगं, निदान बसभाडं तरी द्यायचं."

फेब्रुवारी-मार्चमध्ये माझाच गोंधळ उडाला. सगळ्या स्पर्धा सारख्या नसतात. आठ 'सिग्नेचर' स्पर्धा असतात, बक्षिसं २ कोटी डॉलरची, खेळाडू सत्तरच्या आसपास, आणि त्यांतल्या पाचांत कटच नाही. शिवाय चांगले खेळाडूच दिसेनासे झाले. जॉन राम कुठे, ब्रायसन डीशॅम्बो कुठे? ते लिव्हमध्ये, म्हणजे सौदी पैशावर २०२२ मध्ये सुरू झालेल्या वेगळ्या टूरवर. तिथे तेव्हा ५४ होल असायचे आणि कट नव्हता. दोन्ही पंगती एकत्र बसतात त्या फक्त चार मेजरना. मेजर म्हणजे मास्टर्स, पीजीए चॅंपियनशिप, यूएस ओपन आणि ब्रिटनमधली द ओपन. हे आधी कळलं असतं तर महिनाभर खेळाडू शोधत बसले नसते.

७ एप्रिलच्या रविवारी लवकर झोपायचं ठरलं होतं. पण टेक्सासमध्ये अक्षय भाटियानं शेवटच्या होलवर पट घातला, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून भोकात घातला, आणि आनंदानं हात असा फेकला की खांदाच निखळला. पट्ट्या लावून तो प्लेऑफ, म्हणजे बरोबरी फोडायचा जादा खेळ, खेळला आणि जिंकला. त्या विजयानं मास्टर्सची उरलेली शेवटची जागाही त्याला मिळाली. भाटिया हे नाव बाबांनी तीनदा मोठ्यानं उच्चारलं. दुसरी चांदणी. झोपायला बारा वाजले आणि गजर साडेचारचा होता.

ऑगस्टाला काय न्यायचं ते नीट वाचून जा. मोबाईल चालत नाही. खिशात बंद करून ठेवलेलाही नाही. गाडीतच ठेवायचा. स्मार्टवॉचही नाही, म्हणून बाबांचं जुनं एचएमटी घड्याळ कामाला आलं. साधा कॅमेरा फक्त सरावाच्या दिवशी चालतो. पार्किंग फुकट. भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवून घ्या, कारण चुकामूक झाली तर फोन करायला मोबाईल नसतो. भिंतीवरचे फुकट फोन आहेत, पण त्यासाठी नंबर पाठ लागतो, आणि मला नवऱ्याचाही पाठ नव्हता. आत पळायला मनाई आहे. बूट जुने घाला. मैदान टीव्हीवर सपाट दिसतं, प्रत्यक्षात तो डोंगर आहे. अठराव्या होलची चढण चढताना बाबा दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा "गवत बघतोय" म्हणाले.

सोळाव्या होलला तळं आहे. सरावाच्या दिवशी लोक ओरडून खेळाडूंना चेंडू पाण्यावरून टप्पे खात न्यायला लावतात, आपण लहानपणी नदीत खापऱ्या फेकायचो तसं. तिथेच आम्ही खुर्च्या टाकल्या. सॅंडविच दीड डॉलरला होतं, पिमेंटो चीजचं, शाकाहारी. हिरव्या वेष्टनात गुंडाळलेलं. बाबांनी ते उघडलं आणि हातात तसंच धरून बसले.

त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. सोमवती अमावास्या, दुसऱ्या दिवशी पाडवा. ऑगस्टात खग्रास नव्हतं, पण सूर्याचा मोठा घास जाणार होता. क्लबनं सगळ्यांना मास्टर्सचं चिन्ह छापलेले ग्रहणाचे चष्मे फुकट वाटले होते. दुपारी तीनच्या सुमारास उजेड पिवळटसर झाला, सावल्यांच्या कडा धारदार झाल्या, आणि हजारो लोक खेळाकडे पाठ करून वर बघायला लागले. बाबांच्या एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात सॅंडविच.

"भारतात दिसत नाही," बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "म्हणजे पाळायचं नाही."

"पण तुम्ही इथे आहात. इथे दिसतंय."

"पंचांग तिकडचं आहे." आणि एक घास घेतला. "आईला सांगू नकोस."

आईला मी सांगितलं नाही. ती हे वाचणार नाही अशी आशा आहे.

गुरुवारी वादळामुळे पहिली फेरी अडीच तास उशिरा सुरू झाली. मास्टर्सचा कट वेगळा, पहिले ५० आणि बरोबरीतले. टायगर वूड्सनं तो सलग २४ व्यांदा पार केला, हा विक्रम. शनिवारी त्याच टायगरला ८२ फटके लागले आणि कट पार केलेल्या साठांत तो शेवटचा आला. बाबांनी त्याचे चारही दिवस नीट मांडून लिहिले. जिंकला स्कॉटी शेफलर, चार फटक्यांनी. त्याची बायको दिवसांवर होती आणि निरोप आला तर खेळ अर्धवट टाकून जाईन असं त्यानं सांगून ठेवलं होतं. बाबांना शेफलर आवडायला लागला तो त्या वाक्यामुळे.

त्याच शेफलरला १७ मे रोजी, पीजीए चॅंपियनशिपच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, लुईव्हिलमध्ये मैदानाच्या दारात पोलिसांनी अटक केली. सकाळी फोनवर बातमी वाचून दाखवली तर बाबा म्हणाले, "व्हॉट्सॲपचं असेल." कोठडीतून सुटून तो खेळायला आला आणि ६६ मारले. २९ मे रोजी आरोप मागे घेतले गेले. स्पर्धा झांडर शॉफलीनं २१ अंडरनं जिंकली. त्याच्या त्या विक्रमी स्कोअरबद्दल आमच्या ऑफिसात सोमवारी कुणी अवाक्षर काढलं नाही. सगळे अटकेवरच. त्या दिवशी टेबलावर मी पहिल्यांदा बोलले.

२५ मे रोजी ग्रेसन मरे वारला. तीस वर्षांचा. जानेवारीत सोनी ओपन त्यानंच जिंकली होती, प्लेऑफमध्ये लांबलचक पट घालून. बाबांनी वहीची ती पानं काढली, नावावर बोट ठेवलं आणि वही मिटून ठेवली. त्या आठवड्याची रेघ त्यांनी मारली नाही.

यूएस ओपनचा रविवार नेहमी फादर्स डेला येतो. २०२४ मध्ये १६ जून, पाइनहर्स्ट. तिथली ग्रीन्स, म्हणजे भोकाभोवतीची बारीक गवताची जागा, उपड्या कढईसारखी, चेंडू कुठूनही खाली घरंगळतो. पाच होल राहिले असताना रॉरी मॅकलरॉय दोन फटक्यांनी पुढे होता. २०१४ पासून त्यानं मेजर जिंकलेली नव्हती. सोळाव्यावर अडीच फुटांचा पट हुकला. अठराव्यावर पावणेचार फुटांचा. मागून आलेल्या डीशॅम्बोनं बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, ५५ यार्डांचा फटका भोकाजवळ नेऊन ठेवला आणि एका फटक्यानं जिंकला. मी ओरडत होते. बाबांनी घरातला टेप आणायला सांगितला, जमिनीवर अडीच फूट मोजलं आणि बघत उभे राहिले. सोफ्यापासून टीपॉयपर्यंत होतं.

२७ जूनला ते परत गेले. वही सोबत नेली. त्याच महिन्यात मी २०२५ साठीचा अर्ज भरला होता. जुलैत दिलगिरीची ईमेल आली. असं होतं. मास्टर्सच्या भरवशावर सीझन आखू नका.

द ओपन, रॉयल ट्रून, १८ ते २१ जुलै. भारतात हा खेळ दुपारी सुरू होऊन रात्री संपतो, त्यामुळे साताऱ्यात बाबांची सोय माझ्यापेक्षा चांगली होती. आठव्या होलचं नाव पोस्टेज स्टॅंप, अंतर फक्त १२३ यार्ड, आणि चांगले चांगले तिथल्या बंकरमध्ये हात मारत बसतात. शॉफली पुन्हा जिंकला. ऑगस्टमध्ये ऑलिंपिकला शुभंकर शर्मा आणि गगनजीत भुल्लर होते, दोघेही पदकापासून लांब राहिले. शेफलरनं शेवटच्या दिवशी ६२ मारून सुवर्ण नेलं. तिथे साठच खेळाडू आणि कट नाही, म्हणून वहीत रेघ नाही.

मग सीझनअखेरच्या तीन स्पर्धा, त्यांनाही प्लेऑफच म्हणतात. वर्षभराच्या गुणांवर पहिले ७० मेम्फिसला, त्यांतले ५० कोलोराडोला, त्यांतले ३० ॲटलांटाच्या ईस्ट लेकला. मेम्फिस संपल्यावर कीगन ब्रॅडली नेमका पन्नासावा होता, रेघेवरचं शेवटचं नाव. पुढच्याच आठवड्यात तो कोलोराडोची स्पर्धा जिंकला. बाबांचा फोन पहाटेच आला. इतके खूश ते माझ्या दहावीच्या निकालाला नव्हते.

ईस्ट लेक घरापासून चाळीस मिनिटांवर. शनिवारी, ३१ ऑगस्टला, मी आणि नवरा गेलो. इथे मोबाईल चालतो, तिकीट फोनवरच असतं, सोडत वगैरे नाही. तिकिटं, पार्किंग, पाणी, खाणं धरून दोघांचा दिवस चारशेला पडला. जॉर्जियातला ऑगस्ट, म्हणून टोपी आणि दोन बाटल्या हव्यातच. सगळीकडे धावू नका, एका ग्रीनमागे सावली धरून बसा. तिसांचे तीसही जण समोरून जातात. तेव्हा एक विचित्र नियम होता: पहिल्या क्रमांकाचा खेळाडू सुरुवातच १० अंडरनं करायचा, दुसरा ८ नं, असं उतरत. बाबांच्या मते टॉसआधीच धावा देण्यासारखं.

आम्ही चौदाव्याच्या सावलीत होतो आणि थीगालाच्या स्कोअरमध्ये काहीतरी बिनसल्यासारखं वाटत होतं. घरी आल्यावर कळलं. तिसऱ्या होलवर बंकरमध्ये क्लब, म्हणजे गोल्फची काठी, मागे नेताना वाळूला लागल्यासारखं त्याला वाटलं, आणि त्यानं स्वतःच अधिकाऱ्यांना बोलावून सांगितलं. दंड दोन फटके. रविवारी तो तिसरा आला, दुसऱ्या आलेल्या कॉलिन मोरिकावापेक्षा दोनच फटक्यांनी मागे. दुसऱ्याला १ कोटी २५ लाख डॉलर, तिसऱ्याला ७५ लाख. ते दोन फटके नसते तर दोघांना एकेक कोटी. मी हा हिशेब बाबांना फोनवर सांगितला. पलीकडे शांतता. मग म्हणाले, "चांदणी दोनदा गिरवली." शेफलर जिंकला, अडीच कोटी डॉलर घेऊन. ते त्यांनी विचारलंही नाही.

बहुतेक लोक इथे टीव्ही बंद करतात. तुम्ही करू नका. सप्टेंबर ते नोव्हेंबर छोट्या स्पर्धा चालतात आणि त्यात एकच प्रश्न असतो: वर्षाच्या गुणांच्या यादीत रेघेच्या आत कोण राहतं. २०२४ मध्ये ती रेघ १२५ वर होती. आत राहिला तर पुढच्या वर्षीचं कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क. हेच ते कार्ड, ज्याचा अर्थ मला विचारवत नव्हता. ऑक्टोबरमध्ये लास व्हेगासला जोएल डाहमनच्या बॅगेत चौदाऐवजी पंधरा क्लब निघाले, चार फटके दंड. शेवटच्या स्पर्धेपर्यंत, सी आयलंडच्या आरएसएम क्लासिकपर्यंत, तो रेघेच्या आसपासच घुटमळत होता. शेवटच्या रविवारी त्यानं ६४ मारले आणि वर्ष १२४ व्या क्रमांकावर संपवलं. त्याच आठवड्यात टूरनं जाहीर केलं होतं की २०२६ च्या सीझनपासून ही रेघ १०० वर येणार.

खेळ संपला तेव्हा भारतात मध्यरात्र उलटून गेली होती. सकाळी बाबांनी वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. १२४, १२५, मग पट्टीनं मारलेली लाल रेघ, आणि तिच्याखाली १२६ वं नाव, पूर्ण, आडनावासकट, देवनागरीत. खाली एक ओळ होती: "वहीत चार पानं उरलीत. नवी घेऊ का ह्यातच सुरू करू?"